बॉयलरघराची घडी

४ नोव्हेंबर

चिरंजीव खटपटी,

आशीर्वाद तुला आहेतच, ते दर वेळी नव्याने लिहायला नकोत.

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. तब्येतीची चौकशी झाली, भाव वाढल्याचं बोलून झालं आणि शेवटी ताई म्हणाली, "आमची कन्या ते कागदाचं खूळ सोडतेय एकदाची. वर्ष संपलं की बंद करणार म्हणते." ताईच्या आवाजात सुटका होती. मला मात्र दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

मागच्या खेपेला आलीस तेव्हा तू आमच्या कपाटाची मापं घेतली होतीस. ती संगणकात घातलीस, कागद छापून आणलास आणि कापून, दुमडून, चिकटवून मुठीएवढं कपाट उभं केलंस. त्याची दारंसुद्धा उघडत होती. तुझी मामी अजून त्यात सुया ठेवते. तेव्हा तू सांगितलं होतंस की या 'घडी' प्रोग्रॅमचा सगळा कोड तू उघडा ठेवलायस, ज्याला हवा त्याने न्यावा. मला ते फार आवडलं होतं. देवही असंच करतो, करून ठेवतो आणि नाव लावत नाही. पण पुढे तू असंही म्हणालीस, की चार वर्षांत तुझ्या मशीनशिवाय तो दुसऱ्या कुणाच्याच मशीनवर उभा राहिला नाही. तेव्हा तू हसत होतीस, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

आता विचारतो. मी करून बघू का? इस्पितळाच्या कार्यालयाने टाकून दिलेला संगणक घरी आहेच. तूच त्यात ती फुकटची सिस्टिम घालून दिलीस, आणि त्यावर मामी पत्ते खेळते, दुसरं काही होत नाही.

माझी एकच अट आहे. फोनवर काही सांगायचं नाही. आमच्या इस्पितळाच्या लाँड्रीच्या बॉयलरघरात दारामागे एक पाटी आहे, तुला आठवत असेल. पाणी किती असावं, कोणती झडप आधी उघडायची, काटा कुठवर जाऊ द्यायचा, सगळं तीवर लिहिलेलं आहे. मी कामाला लागलो तेव्हा माझ्या आधीचे म्हातारबुवा म्हणाले होते, "नवा माणूस आला, त्याने पाटी वाचली आणि कुणाला काही न विचारता वाफ काढली, तर पाटी बरोबर. त्याने प्रश्न विचारला, तर तेवढं पाटीवर लिहायचं राहिलंय." फोनवर तू मला सांगशील, माझं काम होईल आणि पाटी तशीच अर्धवट राहील. म्हणून मी पत्राने विचारणार, तू पत्राने सांगायचं, आणि जे सांगशील ते तुझ्या सूचनांत घालायचं.

तर मी तुझा नवा माणूस. कळव.

तुझा मामा

०

१० नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार, पण आधी मामीला.

तुझं पत्र मी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि शेजारच्या टेबलावरचे हिशेबनीस बघत राहिले, की ही बाई कागद हातात धरून का हसतेय. हल्ली कागदाचं पत्र येतं कुणाला?

आईने सांगितलं ते खरं आहे. एकतीस डिसेंबरला मी इंटरनेटवरच्या घडीच्या पानावर लिहिणार, की यापुढे याची देखभाल होणार नाही. रुसून नाही रे मामा. चार वर्षांत तिघांनी लिहिलं, "आमच्याकडे चालत नाही." मी उत्तरं दिली, त्यांतलं कुणी परत आलं नाही. रिकाम्या खोलीत रोज टेबल पुसून ठेवावं तसं वाटायला लागलंय.

पण तू करून बघतोस म्हणालास, तर माझ्या पानावर सूचना आहेत, तशाच करत जा. प्रकार असा आहे: सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅम नव्हे, प्रोग्रॅमचा नकाशा. तो उतरवून घ्यायचा आणि तुझ्या मशीनकडून त्याच्यावरून खरा प्रोग्रॅम बांधून घ्यायचा. त्यालाच आम्ही बिल्ड करणं म्हणतो. तयार बांधलेला द्यायचा तर प्रत्येक जातीच्या मशीनसाठी वेगळा बांधावा लागतो, ते मला एकटीला झेपत नाही. सगळं त्या काळ्या खिडकीत टाइप करायचंय. थोड्याच ओळी आहेत. एका दुपारचं काम आहे.

माझ्याकडून पैज: तू तिसऱ्या ओळीवर फोन करशील.

तुझी खटपटी

०

१८ नोव्हेंबर

चिरंजीव खटपटी,

फोन केला नाही, हे आधी नोंदवून घे.

तुझ्या सूचना मी खडूने पाटीवर उतरवल्या. शाळेतून एक जुना फळा मिळाला, तो स्वयंपाकघरात संगणकाच्या वर ठोकला. मामी म्हणाली, "घरात बॉयलर आणायचा राहिला होता, तोही आणलात." पण खिळा तिनेच धरला.

सकाळची प्रार्थना झाली की मी बसतो. पहिल्या ओळी सरळ गेल्या. तुझा नकाशा उतरला, कंपायलर नावाचं जे लागतं ते आलं. मग बांधकामाची ओळ दिली आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली. मी वाचत होतो. कळत नव्हतं, पण वाचत होतो, कारण चालू यंत्राकडे पाठ करायची मला सवय नाही. एवढ्यात मामी म्हणाली, "अहो, ते पिवळं पिवळं लिहितंय." बघतो तर इशारा. स्पष्ट शब्दात 'वॉर्निंग' असं लिहिलेलं. पुढचं वाचायला थांबलो नाही, भिंतीवरचं बटण बंद केलं.

यंत्र पूर्ण निवू दिलं. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली, कारण अर्धवट तापलेला बॉयलर तसाच पुन्हा पेटवायचा नसतो. परत तिथेच इशारा. परत बंद केलं. असं चार दिवस चाललं आहे. कुठे काही जळाल्याचा वास नाही. इशारा कशाचा आहे आणि काय करायचं, ते कळव.

आणखी एक, सहज विचारतो. तुझ्या घडीत कपाट होतं, खोली होते, घर होतं. गोल वस्तू होते का? समजा, मोठं पिंप आडवं ठेवलंय, असं काही?

मामा

०

२३ नोव्हेंबर

प्रिय मामा,

भिंतीवरचं बटण? मामा, तू माझा प्रोग्रॅम बांधता बांधता संगणक मारशील.

ऐक. ते इशारे निरुपद्रवी आहेत. कंपायलर, म्हणजे बांधकाम करणारा गवंडी, हा फार बडबड्या प्राणी आहे. "इथे एक नाव ठेवलंयस पण वापरलं नाहीस," "ही पद्धत जुनी झाली," असल्या कुरबुरी करतो आणि काम मात्र पुढे नेतो. जगात सगळे जण त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. तूही कर. पिवळं आलं तरी बसून राहा. लाल आलं तर मला लिही. आणि बटणाला हात लावू नकोस.

गोल होत नाही. घडीला सपाट भिंती कळतात, वाकलेल्या कळत नाहीत. करायचं डोक्यात होतं, पण आता कशाला?

कार्यालयात काम खूप आहे. काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. घरी येऊन मशीन उघडायचा कंटाळा येतो, एवढंच.

मामीला सांग, पत्त्यांत हरली तर तेही बटण बंद करायचं नाही.

खटपटी

०

३० नोव्हेंबर

चिरंजीव खटपटी,

तू सांगितलंस तसं करायचा प्रामाणिक प्रयत्न केला. हात मांडीखाली ठेवून बसलो. पिवळं आलं आणि मी उठून उभा राहिलो. मामी म्हणाली, "बसा." बसलो. दुसरं आलं. मामी म्हणाली, "बसा हो." तिसऱ्याला मी बटण बंद केलं. तिने कपाळाला हात लावला.

तुला हसू येईल, पण हे माझ्या हाडात गेलंय. इतकी वर्षं मी एकच काम केलं: काटा, घंटा, शिट्टी यांतलं काहीही बोललं की थांबायचं. माझ्याजवळ दुसरी विद्या नाही. आणि मला एक कळत नाही. जो इशारा ऐकायचाच नाही असं सगळ्यांनी ठरवलंय, तो राहू कशाला देतात? घंटा रोज उगाच वाजत राहिली तर ती खरी वाजेल त्या दिवशी आम्ही डबा खात बसू. तुझ्या कुरबुरी खोट्या असतील तर त्या बंद होतील असं काही करता येतं का? वेळ नसेल तर राहू दे. मी आणखी प्रयत्न करीन. दोऱ्याने हात बांधून घ्यावा असं मामीचं मत आहे.

मामा

०

८ डिसेंबर

प्रिय मामा,

तुला माहीत आहे का तू किती हट्टी आहेस? आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "लहानपणी दार वाजलं की हा जेवण सोडून उठायचा, वारा असला तरी."

मी चिडूनच बसले. शनिवारी सकाळी म्हटलं, बघतेच किती आहेत ते. आणि एकेक कुरबुर काढत गेले. कुठे न वापरलेलं नाव पुसलं, कुठे जुनी पद्धत बदलली. रविवार संध्याकाळपर्यंत एकही उरली नाही. आणि ऐक, मामा, नीट ऐक: त्यांतल्या एकातही खरा दोष निघाला नाही. एकातही नाही. मी म्हणत होते तेच बरोबर होतं. दोन दिवस मी तुझ्या हातासाठी घातले, माझ्या कोडसाठी नाही.

पण खरं सांगू? बऱ्याच दिवसांनी मी जेवायचं विसरले. मशीन बंद करताना पडदा अगदी स्वच्छ होता, सारवलेल्या अंगणासारखा.

नवा कोड पानावर ठेवलाय. उतरवून घे आणि बांध. आता तुला थांबायला कारण नाही.

खटपटी

०

१४ डिसेंबर

चिरंजीव खटपटी,

एकातही दोष निघाला नाही हे वाचून मला फार बरं वाटलं. तू बरोबर होतीस, मी चूक होतो, आणि घंटा आता गप्प आहे. तिघांचंही भलं झालं.

पण यंत्र आता लाल बोलतंय. बांधकाम सुरू होतं, थोडं पुढे जातं आणि म्हणतं, भूमितीचा कुठलासा भाग सापडत नाही. मग आपण होऊन थांबतं. बटण मी बंद केलेलं नाही. पाटीवरची प्रत्येक ओळ मी जशीच्या तशी दिली, दोनदा ताडून पाहिली. काही सुटलेलं नाही.

हे जरा लवकर सुटलं तर बरं होईल. तुझ्या एकतीस तारखेसाठी म्हणतो असं समज. आणि त्या गोल वस्तूचं तू लिहिलंस, होत नाही. ते खरंच होण्यासारखं नाही का? जमत नसेल तर चौकोनी करून बघेन. चौकोनी पिंप म्हणजे पेटी होईल, पण दुरून कळणार नाही.

मामा

०

१६ डिसेंबर

खटपटे,

मी मामी. तुझ्या मामांना न सांगता लिहितेय. टपालपेटी कोपऱ्यावरची न वापरता चौकातली वापरणार आहे, इतकी मी सावध आहे.

पहिली गोष्ट. तुझ्या पाटीवरची एक ओळ मी पुसली. दूधवाल्याला काय सांगायचं ते विसरू नये म्हणून लिहायचं होतं आणि लिहायला दुसरी जागा नव्हती. मधली एक ओळ मला फारशी कामाची वाटली नाही. तिच्या जागी मी 'दूध नको' लिहिलं, मग तेही पुसलं. हे गेले चार दिवस पाटी ताडून बघतायत, म्हणतात, "सगळं आहे." असणारच. पुसलेलं कसं दिसेल? आता मला सांगवत नाही, कारण ते इतके शांतपणे शोधतायत.

दुसरी गोष्ट मोठी आहे. लाँड्रीचा बॉयलर काढतायत. तीस तारखेला शेवटची वाफ. नवी विजेची यंत्रं येऊन पडलीयत. यांची नोकरी जात नाही, काळजी करू नकोस, कपड्यांच्या कोठारात देणार आहेत, पगार तोच. यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "आता हात काळे होणार नाहीत," आणि जेवून झोपले. पण मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मला म्हणाले, "चल, फिरून येऊ." फिरायला कुठे, तर बॉयलरघरात. शिंप्याचा टेप आणला होता. एक टोक माझ्या हातात देऊन त्यांनी अख्ख्या बॉयलरघराचं माप घेतलं. दार, खिडकी, धुराडं आणि तो आडवा पडलेला बॉयलर, पोटापासून शेपटापर्यंत. माझ्या चांगल्या साडीची वाट लागली. मी म्हटलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "खटपटीच्या कागदातून उभं करायचंय. ते पाडतील, पण आपल्याकडे राहील."

तुला हे सांगणार नाहीत. म्हणतात, "पोरीवर ओझं नको. ती आपण होऊन चालू ठेवत असेल तर ठेवू दे."

मी तुला काही करायला सांगत नाही. नुसतं कळवलं. मी लिहिलं हे बोलायचं नाही.

मामी

०

२० डिसेंबर

प्रिय मामा,

तुझी पाटी अगदी बरोबर असणार. चूक माझ्याकडे आहे. भूमितीचा तो भाग दुसऱ्या एका माणसाने लिहिलेला आहे, मी तो नुसता वापरते. तो वेगळा मागवायची एक ओळ सूचनांत होती. माणसाकडून ती एखाद्या वेळी सुटू शकते, नाही का, काहीही कारणाने. त्या तिघांचंही तिथेच अडलं असणार, आज लक्षात आलं. म्हणून आता ती ओळच काढून टाकली. बांधकाम सुरू झालं की घडी स्वतः जाऊन तो भाग घेऊन येते. पुसायला काही शिल्लकच ठेवलं नाही.

आणि हो, मला सहज वेळ होता. हवा छान होती. रजाही शिल्लक होती, ती वाया गेली असती. म्हणून गोल करून टाकलं. पिंप, डबा, धुराडं, काय हवं ते. पट्टीच्या एका कडेला दातरे येतात, ते आत दुमडून चिकटवायचे, म्हणजे वळण धरतं. बाजूची तबकडी वेगळी छापून येते. मी तुझ्यासाठी केलंय, असं समजू नकोस. मी माझ्या डब्यावर करून बघितलं. डबा उभा राहिला तेव्हा मी एकटीच खोलीत गोल फिरले.

पत्राऐवजी फोन करणार होते, तुला घाई असेल म्हणून. पण अट तुझी आहे. टपालखात्यातल्या माणसाला विचारून जलद टपालाने पाठवतेय.

खटपटी

०

२६ डिसेंबर

चिरंजीव खटपटी,

उभं राहिलं.

क्रमाने सांगतो. पाटी पुसली, तुझ्या नव्या सूचना लिहिल्या, आधीपेक्षा कमी ओळी झाल्या. सकाळी देवासमोर दोन मिनिटं जास्त उभा राहिलो. बसलो, बांधकामाची ओळ दिली. अक्षरं धावली. मी वाचत होतो, मामी माझ्या मागे उभी होती. पिवळं काही नाही. लाल काही नाही. एक शब्द नाही, नुसतं काम चाललेलं. आणि मग ते थांबलं. काही बोलेना. झालं म्हणेना, चुकलं म्हणेना.

मी म्हणालो, "काहीतरी बिघडलंय."

मामी म्हणाली, "का?"

"इतकं शांत कधी असतं का?"

"अहो, इशारा दिला तरी थांबता, नाही दिला तरी थांबता. पुढची ओळ टाइप करा."

मी हात पुढे केला आणि परत घेतला. तेव्हा तिने मला बाजूला सारलं, पाटीकडे बघत एकेका बोटाने शेवटची ओळ दिली, आणि तुझी ती पांढरी खिडकी उघडली. वर 'घडी' लिहिलेलं. मग मामी म्हणाली, "नमस्कार करायचा असेल तर करून घ्या आणि मापं घाला." मी केला.

आता मी काय बांधतोय ते तुला सांगायला हवं. पण तुला ते ठाऊक आहे. चौकात टपाल उचलणारा माणूस आमच्या लाँड्रीच्या दारातूनच जातो. तो म्हणाला, "वहिनींचं पत्र काल नेलं बरं का, भाचीला लिहिलंय." मी घरी काही बोललो नाही. 'पुसायला काही शिल्लक ठेवलं नाही' हे वाक्य वाचलं, तेव्हा मात्र मामीकडे पाहिलं. ती दूध तापवत होती आणि फार लक्ष देऊन तापवत होती.

बॉयलर जातोय याचं मला दुःख नाही, असं म्हणणार नाही. पण ते मोठं नाही. जे यंत्र इतकी वर्षं आजाऱ्यांच्या चादरी स्वच्छ करून देत आलं, त्याने विश्रांती घ्यावी हे योग्यच आहे. मला एवढंच वाटत होतं, की त्याचा आकार कुठेतरी राहावा. फोटो आहेत, पण फोटोत त्याचं पोट दिसत नाही.

फोटोवाल्याकडून जाड कागदावर छापून आणलं. भिंती आधी, मग छप्पर, मग बॉयलर. दातरे दुमडताना पहिला फाटला, दुसरा जमला. धुराडं जरा वाकडं आहे, पण खरंही वाकडंच आहे, म्हणून तसंच ठेवलं. झडपेची चाकं तुझी घडी काढत नाही, ती मामीने शर्टाच्या बटणांची केली. देवाच्या फळीवर ठेवू म्हणालो, तर म्हणाली, "देवाला धूर लागेल." शेजारच्या कोनाड्यात ठेवलंय.

एक न कापलेला छापील कागद सोबत पाठवतोय. तुझ्या हाताने उभं कर. आता तुझ्या एकतीस तारखेचं तू ठरव. मी काही म्हणणार नाही. माझं काम झालं, पोरी, आणि फार छान झालं.

मामा

०

२ जानेवारी

प्रिय मामा,

एकतीस तारखेला मी पानावर काहीच लिहिलं नाही. त्या दिवशी तुझा कागद आला होता आणि माझे हात खळीने भरले होते.

कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत टेबलावर पसरून बसले. हिशेबनीस नेहमीसारखे बघत होते. बॉयलर आत बसवला, मामीसारखी बटणांची चाकं लावली, छप्पर ठेवलं, तेव्हा खुर्ची ओढून जवळ आले. म्हणाले, "हे दार उघडतं का?" मी म्हटलं, "उघडून बघा." त्यांनी करंगळीने उघडलं, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "बाजारात कुठे मिळतं?" मी म्हटलं, मिळत नाही, बांधावं लागतं, आणि पानाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. मनात म्हटलं, झालं, आता रोज डोकं खाणार. माणूस बेरजा उत्तम करतो, पण कोड कधी पाहिलेला नाही.

काल कार्यालयाला सुट्टी होती. आज सकाळी ते आले, पिशवीतून कागदाचं रेल्वे इंजिन काढलं आणि माझ्या टेबलावर बॉयलरघराशेजारी ठेवलं. मुलीसाठी केलं म्हणाले, तिला ते शाळेत दाखवायचंय, त्याआधी एक दिवस उसनं दिलंय. सुट्टीच्या दिवशी घरच्या मशीनवर बांधलं, दुपारपर्यंत झालं. मी विचारलं, "कुठे अडलात का?" तर चष्मा पुसत म्हणाले, "अडायला काय आहे? सगळं लिहिलंय की."

मामा, त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

मी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आले. मग त्यांना चहा पाजला. मग त्यांनीच एक प्रश्न विचारला, पण तो वेगळा होता: झडपेच्या चाकांना बटणं लावायची कल्पना कुणाची? मी म्हटलं, आमच्या मामीची. तिच्याशिवाय हे उभं राहिलं नसतं, पण कसं ते तिलाच विचारा.

तुझी खटपटी

०

८ जानेवारी

चिरंजीव खटपटी,

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेवटच्या ओळीला तिचा आवाज बदलला. मग मला म्हणाली, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "टपालवाल्यापासून." म्हणाली, "मी दोन गल्ल्या जास्त चालले." आम्ही खूप हसलो.

तीस तारखेचं तुला सांगायचं राहिलं. मी बॉयलरघराचे पुष्कळ कागद छापून नेले होते, वाटलं, ज्याला हवा त्याने घ्यावा. इस्त्रीवाल्या बायकांनी काय करावं? त्यांनी ते टेबलावर पसरले आणि इस्त्री फिरवून दुमडले. अशा घड्या पडल्या की माझं घरचं बॉयलरघर त्यांच्यासमोर चुरगळलेलं वाटावं. शेवटच्या वाफेवरच्या शेवटच्या इस्त्र्या त्याच कागदांवर फिरल्या. लाँड्रीच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई, त्यांनीही एक केलं, त्यांचं छप्पर उलटं बसलं, कुणी सांगितलं नाही. मग मी भोंग्याची साखळी ओढली. वाफ संपेपर्यंत ओढून धरली. तो आधी ओरडला, मग कण्हला, मग हलकेच थांबला. टेबलाटेबलावर छोटी बॉयलरघरं उभी होती. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी हात जोडले आणि हात धुतले.

कोठारातलं काम सोपं आहे. तिथे पाटी नव्हती. लावली.

तुझ्या हिशेबनिसांना माझा नमस्कार सांग. माझ्या म्हातारबुवांना ते आवडले असते.

काल मी स्वयंपाकघरातला फळा उतरवायला घेतला. मामीला म्हटलं, काम झालं, आता तुझी भिंत मोकळी. मामी हातातली कणीक तशीच ठेवून आली आणि म्हणाली, "राहू द्या. तिची पुढची आवृत्ती येईल, तेव्हा परत काय ठोकत बसायचं?" शिवाय तिला शिलाई मशीन करून हवंय, चाकासकट. मापं घेऊन ठेवलीत, सोबत पाठवतोय.

दुधाचं आता ती दारामागे लिहिते.

मामा